बडोद्याची शिष्यवृत्ती आणि राहायची खोली

सांखवाळचे धर्मानंद कोसंबी यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा पन्नास रुपये देऊ केले होते, हे आपल्या गोव्यातल्या बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. साधारण १९०८ सालची ही गोष्ट. अट अशी की कोसंबींनी महाराष्ट्रात कुठल्याही गावी राहावे, अभ्यास करावा आणि बडोदे सरकारसाठी वर्षाला एक पुस्तक लिहावे. कलकत्त्याला विद्यापीठात त्यांना यापेक्षा बराच जास्त पगार मिळत होता. तो सोडून ते पुण्याला आले, कारण त्यांना बौद्ध धर्माविषयी आपल्या माणसांना मराठीतून सांगायचे होते. बडोद्याला दिलेल्या व्याख्यानांतून पुढे 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक झाले.

ही हकिकत आपण राजाच्या गुणग्राहकतेची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण तिच्यात एक बारीकशी गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. 'कुठल्याही गावी राहावे' असे महाराजांनी सांगितले, ते कोसंबींना शक्य झाले. पुण्यात त्यांना बिऱ्हाड मिळाले. त्याआधी १८९९ च्या अखेरीस घर सोडून संस्कृत शिकायला निघालेल्या या तरुणाने अतोनात हाल सोसले, तरी काशीत पोचल्यावर अन्नछत्रात दोन घास मिळत होते. 'निवेदन' हे त्यांचे आत्मचरित्र ज्यांनी वाचले आहे, त्यांना ते दिवस आठवतील.

सांगायचा मुद्दा असा. विद्यार्थ्याला लागते काय? फी लागते, पुस्तके लागतात. पण त्याआधी डोक्यावर छप्पर लागते, दोन वेळचे जेवण लागते, थोडीफार कमाई लागते आणि चार बरोबरीची माणसे लागतात. शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण शाळा-कॉलेजांच्या स्थापनेच्या तारखा लिहितो. मुलगा रात्री झोपला कुठे आणि जेवला कुठे, हे लिहायचे राहून जाते. बडोद्याचा इतिहास या बाजूने पाहिला तर वेगळाच दिसू लागतो.

सयाजीरावांनी काय काय उभे केले ते आधी थोडक्यात पाहू. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा हा मुलगा १८७५ साली दत्तक आला आणि १८८१ च्या डिसेंबरात त्याच्या हाती पूर्ण कारभार आला. बडोदे कॉलेज त्याच वर्षी सुरू झाले. कॉलेजचा तो प्रचंड घुमट आजही स्टेशनातून बाहेर पडून थोडे चालले की दिसतो. १८९० साली प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन निघाले. तिथे रंगकाम, विणकाम, सुतारकाम असे हाताला काम देणारे विषय होते. दादासाहेब फाळके फोटोग्राफी शिकले ते इथेच. १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग झाला आणि पुढे तो साऱ्या संस्थानात लागू केला. १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणून मध्यवर्ती ग्रंथालय आणि खेडोपाडी जाणाऱ्या फिरत्या पेट्या सुरू केल्या. अरविंद घोष या कॉलेजात शिकवत होते आणि कन्हैयालाल मुनशी त्यांच्या वर्गात बसले होते. एवढे सगळे एका गावात म्हटल्यावर बाहेरगावचे विद्यार्थी येणारच.

ते राहत कुठे? बडोद्यात मराठी माणसांची मोठी वस्ती होती. दांडिया बाजार, रावपुरा या भागांत मराठी वाडे होते. कारकून, कारभारी, शिक्षक, वैद्य, शास्त्री यांची बिऱ्हाडे होती. गणपतीत मेळे, एरवी कीर्तने, जुम्मादादांच्या आखाड्यात प्रा. माणिकरावांच्या हाताखाली कसरत असे सगळे होते. मराठी साहित्य संमेलन १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीनदा तिथे भरले (आणि पुन्हा २०१८ साली). खेड्यातून आलेला मुलगा कुणाच्या तरी ओळखीची चिठ्ठी घेऊन एखाद्या वाड्याच्या ओसरीवर येऊन टेकायचा. जेवणासाठी वार लावायचा. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, असे सात दिवस सात घरी. शिवाय संस्थानचे जुने धर्मादाय होतेच. ब्राह्मणांना खिचडी वाटली जाई, श्रावणमासात दक्षिणा दिली जाई. सयाजीरावांनी या दक्षिणेला परीक्षेची जोड दिली, म्हणजे शिकलेल्याला मान मिळावा.

या व्यवस्थेत माणुसकी नव्हती असे कुणी म्हणू नये. विनोबा भावे बडोद्यात वाढले. त्यांचे वडील तिथे नोकरीला होते. त्यांच्या घरी नेहमी एखादा गरजू विद्यार्थी ठेवलेला असे. विनोबांनी सांगितलेली एक आठवण प्रसिद्ध आहे. शिळे उरले तर आई ते स्वतः खाई किंवा विनोबांना वाढी, पण त्या मुलाला नेहमी ताजे वाढी. हा भेदभाव नाही का, असे विनोबांनी विचारले तेव्हा आईने सांगितले की तू मला माझा मुलगा वाटतोस आणि तो देवाच्या रूपात दिसतो, तुझ्याबद्दलची ही आसक्ती जाईल तेव्हा हा भेदही जाईल. अशा घरांच्या आधारावर कितीतरी मुले शिकली.

याच विनोबांनी १९१४ साली बडोद्यात मित्रांना जमवून 'विद्यार्थी मंडळ' काढले. व्याख्याने, चर्चा, जयंत्या-पुण्यतिथ्या आणि स्वतःचे छोटे ग्रंथालय. मुलांनी गोळा केलेली पुस्तके दीड हजारांच्या वर गेली होती असे सांगतात. त्या मंडळातले काही मित्र पुढे जन्मभर विनोबांच्या कामात राहिले. आज कॉलेजात वाङ्मय मंडळ असते, वादविवाद मंडळ असते, त्यातून होते काय असे कुणी विचारले तर हे उदाहरण द्यावे. १९१६ च्या मार्चमध्ये विनोबा परीक्षेसाठी मुंबईला निघाले आणि वाटेतच काशीकडे वळले. काशीत तेही अन्नछत्रातच जेवत. कोसंबी आणि विनोबा, दोघांनाही काशीने जेवू घातले.

वार, ओसरी, अन्नछत्र, ओळखीची चिठ्ठी या सगळ्याला एकच किल्ली लागत असे. ती म्हणजे जात. घरात घ्यायचे, पंगतीला बसवायचे, पाणी द्यायचे तर जात कळल्याशिवाय कुणी देत नसे. आपल्याकडेही निराळे नव्हते. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात मराठी किंवा इंग्रजी उच्च शिक्षणाची सोय नव्हती, म्हणून मुलगे मुंबई, पुणे, बेळगाव, धारवाडकडे जात. मुंबईला धोबी तलाव भागात आमच्या ख्रिस्ती बांधवांच्या 'कुडी' होत्या. एकेका गावाची एकेक कूड. खाट, पेटी ठेवायला जागा, वेदी आणि संध्याकाळची प्रार्थना. हिंदूंसाठी नातेवाइकांची बिऱ्हाडे होती, आणि १९१९ साली स्थापन झालेली गोवा हिंदू असोसिएशन होती. परक्या शहरात आपल्या गावच्या माणसाने आपल्याला जागा द्यायची, ही चांगलीच चाल. पण ज्याच्या गावचे, ज्याच्या जातीचे कुणी शहरात आधी पोचलेलेच नाही, त्याने काय करायचे?

या प्रश्नाचे उत्तर बडोद्यात १९१७ साली मिळाले, आणि ते फार कडू होते.

भीमराव आंबेडकर यांना कॉलेजसाठी बडोदे सरकारने महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. त्यासाठी कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी खटपट केली होती. बी.ए. झाल्यावर १९१३ च्या जानेवारीत ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, पण वडिलांच्या आजारपणामुळे लगेच परतले. त्याच वर्षी महाराजांनी त्यांना अमेरिकेला पाठवायचे ठरवले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी, असा करार जून १९१३ मध्ये झाला.

न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात ते आधी हार्टली हॉलमध्ये उतरले, मग कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये आणि त्यानंतर लिव्हिंगस्टन हॉलमध्ये गेले. तिथे त्यांचे खोलीतले सोबती होते नवल भथेना. हे पारशी गृहस्थ पुढे जन्मभराचे मित्र झाले आणि अडीअडचणीला पैशांची मदतही करत राहिले. हजारो मैलांवरच्या त्या शहरात विद्यार्थी म्हणून राहायला खोली होती, जेवणाच्या टेबलावर जागा होती, क्लब होता, मित्र होता. परदेशातल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असे बाबासाहेबांनी पुढे लिहिले आहे.

शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून ते १९१७ च्या सप्टेंबरात करारानुसार बडोद्याला आले. त्यांना स्टेशनवर उतरवून घ्यावे असा महाराजांचा हुकूम होता, पण प्रत्यक्षात कुणीच आले नाही, असे चरित्रकार लिहितात. मी स्वतः कचेरीत फायली पुढे सरकवणारा माणूस. वरून निघालेला हुकूम आणि खाली घडणारी गोष्ट यांत किती अंतर असू शकते, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

हिंदूंच्या खाणावळीत जागा मिळणार नव्हती. म्हणून त्यांनी पारशांची धर्मशाळा गाठली. राखणदार म्हणाला, इथे फक्त पारशी राहू शकतात. पण गिऱ्हाईक नव्हते आणि त्यालाही चार पैसे हवे होते. तेव्हा वहीत पारशी नाव लिहायचे ठरले. जेवणासह रोज दीड रुपया. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली आणि बाकी मोठा दिवाणखाना, त्यात मोडक्या खुर्च्या, फळ्या, अडगळ. रात्री कंदिलाचा मिणमिणता उजेड आणि वटवाघळे. बोलायला माणूस नाही. दिवसा कचेरी, रात्री ही खोली. सरकारी बंगला मिळावा म्हणून दिवाणांकडे अर्ज केला होता, त्यावर काही हालचाल नव्हती.

अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी हातांत काठ्या घेऊन जिना चढून आले. तू कोण, आमची जागा का बाटवलीस, असे प्रश्न. संध्याकाळपर्यंत खोली सोडली पाहिजे अशी ताकीद. गावात त्यांचे दोन मित्र होते. एक हिंदू. तो म्हणाला, तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती. तो म्हणाला, बायको उद्या येते आहे, तिला विचारून सांगतो. दोघांनीही कठोर शब्द वापरले नाहीत, पण खोली दोघांनीही दिली नाही. मग रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत काही तास कामाठी बागेत बसून ते मुंबईला परतले. तीच आजची सयाजी बाग. तिथल्या वडाच्या झाडाची जागा आता 'संकल्पभूमी' म्हणून ओळखली जाते आणि २३ सप्टेंबर हा दिवस 'संकल्प दिन' म्हणून पाळला जातो.

कचेरीतही निराळे नव्हते. शिपाई लांबून फायली टाकत, प्यायला पाणी मिळत नसे आणि अधिकाऱ्यांच्या क्लबात इतरांपासून दूर कोपऱ्यात बसावे लागे, असे चरित्रांत नोंदवले आहे. म्हणजे नोकरी होती पण सन्मान नव्हता, पगार होता पण खोली नव्हती, क्लब होता पण खेळायला जागा नव्हती. पंचवीस रुपयांपासून साडेअकरा पौंडांपर्यंत सर्व काही देणाऱ्या राज्याच्या राजधानीत एक खोली मिळू शकली नाही.

इथे महाराजांना दोष देणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. अंत्यजांसाठी त्यांनी १८८० च्या दशकातच शाळा काढल्या होत्या. सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात म्हणून मुसलमान आणि आर्यसमाजी शिक्षक नेमले. पंजाबातून पंडित आत्माराम यांना आणून त्यांच्याकडे या शाळांची देखरेख सोपवली, अंत्यज मुलांसाठी बोर्डिंगही चालवले. त्या काळात इतके करणारा राजा विरळाच. तरीही शिष्यवृत्ती खजिन्यातून निघते आणि खोली घरमालकाच्या मर्जीतून मिळते. खजिना राजाच्या हातात होता, घरमालकाचे मन नव्हते.

हा धडा त्या काळात आणखी काही जणांनी ओळखला होता. कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि मग जैन, मुसलमान, लिंगायत अशी एकेका समाजाची बोर्डिंगे निघत गेली. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल झाले. वेगवेगळ्या जातींची वेगवेगळी बोर्डिंगे का, असे आज विचारता येईल. पण त्या मुलांना शहरात पाय टेकायला जागा मिळाली, हे त्याआधी पाहायला हवे. या मिस क्लार्क होस्टेलच्या समारंभाला गेलेला जैन बोर्डिंगमधला एक मुलगा परत येऊन अंघोळ करायला तयार होईना, म्हणून त्याला बोर्डिंगबाहेर जावे लागले. तो मुलगा म्हणजे भाऊराव पाटील. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी जे बोर्डिंग काढले त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वयंपाक करत आणि एका पंगतीत जेवत. 'कमवा आणि शिका' ही रयत शिक्षण संस्थेची शिकवण तिथूनच आली. मुलाने शेतात, बांधकामावर काम करावे आणि आपल्या शिक्षणाचा भार उचलावा. त्यात लाज नाही.

आणि स्वतः बाबासाहेब? जुलै १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. या सभेचे पहिल्या कामांपैकी एक काम कुठले होते, हे मला फार बोलके वाटते. १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह. तिथल्या मुलांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालवले. मुंबईत मोफत वाचनालय. आणि तरुण मुले वाईट नादाला लागू नयेत म्हणून महार हॉकी क्लब! सभा, सत्याग्रह, परिषदा हे सारे पुढे झाले. आधी खोली, जेवण, वाचायची जागा आणि खेळायचा क्लब. बडोद्यात जे जे नाकारले गेले ते ते मुलांसाठी उभारायला घेतले. तो हेतू मनात धरून केले की नाही हे मी कोण सांगणार? पण यादी जुळते खरी. पुढे औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले तेव्हाही वसतिगृहाला त्यांनी महत्त्वाचे स्थान दिले.

बडोद्यातही काळ बदलला. १९४९ साली बडोदे कॉलेज, कलाभवन वगैरे संस्था मिळून महाराजा सयाजीराव विद्यापीठ झाले. हंसा मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू. हे विद्यापीठ निवासी ठेवले गेले, म्हणजे वसतिगृहे हा विद्यापीठाचाच भाग. तिथे त्यांना 'हॉल' म्हणतात. अर्ज, गुण, फी या क्रमाने खोली मिळते, कुणाच्या चिठ्ठीवर नव्हे. माझ्या मते विद्यापीठाच्या इमारतींमध्ये घुमटाइतकेच महत्त्व या साध्या हॉलना द्यायला हवे. फाइन आर्ट्स फॅकल्टीत तर एक छान प्रथा पडली. १९६० च्या दशकात 'फाइन आर्ट्स फेअर' सुरू झाली. विद्यार्थी आणि शिक्षक मिळून खेळणी, बाहुल्या, मातीची भांडी, भेटकार्डे बनवत आणि ती विकून आलेले पैसे गरजू विद्यार्थ्यांसाठी वापरले जात. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे मोठे चित्रकार या जत्रेसाठी खेळणी बनवत बसत. कमाई, मदत आणि मंडळ या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र आल्या. गोव्यातूनही चित्रकला शिकणारी मुले पुढच्या शिक्षणासाठी बडोद्याला जात आली आहेत. सयाजीगंज-फतेहगंज भागातल्या खोल्या आणि सेवऊसळीच्या गाड्या हा त्यांच्या शिक्षणाचाच एक भाग.

मात्र हॉलमध्ये सगळ्यांना जागा पुरत नाही. उरलेल्यांना पेइंग गेस्ट म्हणून घरे शोधावी लागतात, आणि तिथे पुन्हा जुने प्रश्न नव्या भाषेत येतात. आडनाव काय, गाव कुठले, मासे-मटण खाता का? हे फक्त बडोद्यात नव्हे. पुण्यात, मुंबईत, आमच्या पणजी-मडगावातही हेच. १९६२ साली धेंपे आणि चौगुले ही कॉलेजे सुरू झाल्यावर गोव्याच्या मुलांना घरापासून लांब जायची गरज कमी झाली, हे भाग्यच. पण सत्तरी-काणकोणातून येणाऱ्या मुलामुलींना रोजची बस किंवा भाड्याची खोली यांतून एक निवडावेच लागते. महाराष्ट्र सरकारने २०१६-१७ पासून बाबासाहेबांच्याच नावाने 'स्वाधार' योजना आणली. ज्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहात प्रवेश मिळत नाही, त्यांना राहण्या-जेवण्याचे पैसे खात्यावर द्यायचे. योजना चांगली आहे, मुलांच्या उपयोगाची आहे. पण पैसे खात्यावर आले तरी घरमालकाचे दार त्या पैशांनी उघडेलच याची खात्री कोण देणार? १९१७ साली आंबेडकरांच्या खिशातही रोजचा दीड रुपया होता.

म्हणून वाटते, शिक्षणासाठी देणगी द्यायची इच्छा असणाऱ्यांनी बक्षिसे आणि शिष्यवृत्त्या जरूर ठेवाव्यात, पण वसतिगृहाची एखादी खोली, एखादी खानावळ, एखादे वाचनालय यांचाही विचार करावा. आणि ज्यांच्या घरी वरची खोली रिकामी आहे त्यांनी दारात आलेल्या मुलाला आधी एवढेच विचारावे, बाळा, काय शिकतोस? आडनाव नंतर कळेलच.